काळा डाग चालेल का?

एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, पहिल्या सहा महिन्यांत प्रबंधाचा विषय ठरवून सिनॉप्सिस, म्हणजे त्याचा आराखडा, पाठवावी लागते. मी लहान मुलांच्या दातांच्या विभागात, म्हणजे आमच्या बोलण्यात 'पेडो'ला. विषयासाठी फार शोधाशोध करावी लागली नाही. नवी मुंबईतल्या आमच्या कॉलेजच्या ओपीडीत तो रोजच समोर येऊन बसायचा. तीन-चार वर्षांचं मूल, वरचे पुढचे चार दात हिरडीपर्यंत झिजून तपकिरी खुंट झालेले, मागे दाढांत खड्डे, आणि आई सांगायची, "दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत म्हणून थांबलो." गाल सुजला किंवा मूल रात्रभर रडलं, की मग ती आमच्याकडे यायची.

पडणारच आहेत हे खरं, पण कधी? पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडायला लागतात. दुधाच्या दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. चार वर्षांच्या मुलाची दाढ किडली, तर त्याला त्याच दाढेवर अजून सहा-सात वर्षं जेवायचं असतं. ती वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात मोकळ्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताची वाट अडवतात. शिवाय दुधाच्या दाताचं वरचं आवरण कायमच्या दाताच्या जवळपास निम्म्या जाडीचं असतं, त्यामुळे कीड आत पोचायला वेळ लागत नाही. २००२-०३ साली झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आपल्या देशातल्या पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना दंतकीड आढळली होती. हा आकडा पाठ्यपुस्तकात वाचताना मनावर फारसं काही उमटलं नव्हतं. ओपीडीत बसल्यावर उमटलं.

यावर उपचार आहेत. नस साफ करून भरता येते, दाढेवर स्टीलची कॅप बसवता येते. पण तीन वर्षांचं मूल अर्धा तास तोंड उघडून खुर्चीत बसत नाही. मग पूर्ण भूल देऊन सगळे दात एकदम करायचे, आणि त्यासाठी भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, पैसे आणि घरच्यांची सुट्टी या चारही गोष्टी जुळायला लागतात. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच घरांत त्यातली एकही जुळत नाही.

म्हणून मी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडकडे वळले. आम्ही त्याला एसडीएफ म्हणतो. जपानमध्ये ओसाका विद्यापीठात निशिनो आणि यामागा यांनी त्यावर काम केलं आणि १९७० मध्ये ते तिथे वापरात आलं. अमेरिकेत मान्यता मिळायला २०१४ साल उजाडलं, तीही दातांच्या झिणझिण्या कमी करण्यासाठी म्हणून. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. ३८ टक्क्यांच्या द्रावणात फ्लोराइडचं प्रमाण दहा लाख भागांत ४४,८०० भाग इतकं असतं. चांदी जंतूंना मारते, फ्लोराइड दाताला कणखर करतं. सुई नाही, ड्रिल नाही. किडलेल्या जागी ब्रशच्या टोकाने थेंबभर लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. कीड थांबते, आणि किडलेला भाग काळा पडतो. फिकट तपकिरी वगैरे नव्हे, चांगला काळा, आणि तो दात पडेपर्यंत तसाच राहतो.

माझा विषय हाच ठरला. बालवाडीतल्या मुलांच्या किडलेल्या दातांना एसडीएफ लावायचं, सहा महिन्यांनी कीड थांबली का ते बघायचं, आणि तो काळा रंग आईवडिलांना कितपत चालतो ते विचारायचं. माझ्या गाइड मॅडम पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, "औषध काम करतं हे पुष्कळांनी दाखवून झालंय. तू त्या आयांचं नीट ऐक." तेव्हा मी मान डोलावली होती. त्या वाक्यात किती काम दडलेलं आहे हे पुढे कोपरखैरण्यात समजलं.

सिनॉप्सिसनंतर नैतिकता समिती. या समितीत फक्त डॉक्टर नसतात. एक कायद्याची जाणकार व्यक्ती असते, एक समाजशास्त्राची, आणि एक वैद्यकीय क्षेत्राबाहेरची साधी नागरिक. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सात वर्षांपुढच्या मुलाची स्वतःचीही संमती घ्यावी लागते. माझी मुलं त्याहून लहान, त्यामुळे सही आईवडिलांची. तरीही मूल नाहीच म्हणालं तर तिथेच थांबायचं, असं समितीने लिहून घेतलं. माझ्या मराठी माहितीपत्रकाची ओळ न् ओळ वाचली गेली. समितीतल्या वकीलबाईंनी सगळं वाचून एकच मागणी केली, की एसडीएफ लावलेल्या दातांचे फोटो या पत्रकावर छापा, आणि पुढच्या दातांचेच छापा. "जे नंतर दिसणार ते आधी दिसू दे." मला ही मागणी अतिशय योग्य वाटली. शब्दांनी काळा रंग सांगितला की ऐकणारी बाई आपल्याला झेपेल तेवढाच काळा मनात आणते. फोटोत तो आहे तेवढाच असतो.

त्याच काळात माझी रूममेट तिच्या प्रबंधाच्या ठोकळ्यांत गुंतली होती. ती प्रॉस्थोची, म्हणजे कवळ्या, कॅप, ब्रिज करणाऱ्या विभागातली. तिचा विषय होता कवळीचं ॲक्रिलिक. १९३७ च्या सुमारास हे ॲक्रिलिक कवळीसाठी वापरात आलं. त्याआधी गंधक घालून कडक केलेल्या रबराच्या, म्हणजे व्हल्कनाइटच्या कवळ्या असायच्या. ॲक्रिलिकला इतकी वर्षं झाली, तरी वरची कवळी बरोबर मधोमध तडकण्याचं दुखणं गेलेलं नाही. झिर्कोनियाची अतिसूक्ष्म पूड मिसळली तर ताकद वाढते का, हे ती बघत होती.

संध्याकाळी मी तिच्या लॅबमध्ये जाऊन बसायचे. पावडर आणि लिक्विड तीनास एक या मापाने मिसळायचं, झाकून ठेवायचं. आधी ओल्या वाळूसारखं, मग तार सुटणारं, मग बोटाला न चिकटणारा गोळा. तो गोळा झाला की लगेच फ्लास्कमध्ये भरायचा, उशीर झाला की तो रबरासारखा होऊन हातचा जातो. मग ७४ अंशांच्या पाण्यात आठ तास. घाईने पाणी उकळवलं तर आतलं लिक्विडच उकळतं, कारण त्याचा उत्कलनबिंदू १००.८ अंश आहे, आणि ॲक्रिलिकमध्ये बुडबुड्यांची भोकं राहतात. बाहेर काढलेला ठोकळा घासून ६४ मिलिमीटर लांब, १० रुंद आणि ३.३ जाड करायचा, ३७ अंशांच्या पाण्यात पन्नास तास ठेवायचा आणि मग मशिनवर वाकवून मोडायचा. ५० मिलिमीटर अंतरावरच्या दोन आधारांवर ठोकळा ठेवतात आणि मधोमध वरून दाब देतात. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे त्याने निदान ६५ मेगापास्कल सोसले पाहिजेत. मी तिच्या वहीच्या कोपऱ्यात हिशोब करून पाहिला, त्या मापाच्या ठोकळ्यावर मधोमध साडेनऊ किलोच्या आसपास वजन ठेवल्यासारखं ते होतं. जाडी त्या सूत्रात वर्गाने येते, म्हणून ती प्रत्येक ठोकळा व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजायची आणि पसंत न पडलेला बाजूला टाकायची.

मला तिच्या कामाचा हेवा वाटायचा. ठोकळ्याला ताप येत नाही. तो मे महिन्यात गावाला जात नाही. त्याच्या आजीचं मत घ्यावं लागत नाही. पण तिच्याकडून मी एक गोष्ट उचलली, ती म्हणजे मोजण्याबद्दलची सक्ती. बालवाडीत जाण्याआधी मी आणि माझ्या सिनिअरने ओपीडीतली तीच मुलं वेगवेगळी तपासली, नोंदी ताडून पाहिल्या आणि आमचं एकमत ठरलेल्या आकड्याच्या वर जाईपर्यंत पुन्हा पुन्हा तेच केलं. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. कंटाळवाणं काम आहे. पण एकीला जो दात किडलेला दिसतो तो दुसरीला नुसता डागाळलेला दिसत असेल, तर पुढच्या कुठल्याही टक्केवारीला अर्थ राहत नाही.

क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदणी, पालिकेच्या शिक्षण विभागाची परवानगी, कॉलेजचं पत्र, हे सगळं यथावकाश झालं. मग कोपरखैरणे आणि घणसोलीतल्या बालवाड्या.

कोपरखैरण्यात माथाडी कामगारांची वस्ती मोठी आहे. सातारा, पाटण, जुन्नर, आंबेगाव इकडून आलेली माणसं, वाशीच्या मार्केटात पाठीवर गोणी वाहणारी. भाजी मार्केटला कामाला असलेला बाप रात्री उशिरा नाहीतर पहाटे घरातून निघतो आणि दुपारी झोपतो. घर एका खोलीचं असेल तर मूल रडू न देणं हे आईचं पहिलं काम असतं. मग दूध-साखरेची बाटली तोंडात ठेवून मूल निजतं. झोपेत लाळ कमी सुटते, दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहतं, तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करत राहतात. खालचे पुढचे दात बहुतेक वेळा वाचतात, कारण बाटली चोखताना जीभ त्यांच्यावर पांघरलेली असते. बालवाडीत मुलांची तोंडं उघडून पाहताना हे चित्र इतक्या वेळा तसंच्या तसं दिसलं, की कोणाच्या घरी बाटली आहे ते आईला विचारायच्या आधी कळायचं. चहात बुडवलेलं बटर, पाच रुपयांची गोड-खारट पाकिटं आणि बाटली यांबद्दल मी आयांना सांगितलं. पण त्या बाटलीमागची झोपेची गरज समजून न घेता नुसतं 'बाटली बंद करा' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. आम्ही त्यांच्याबरोबर बसून बाटलीतली साखर हळूहळू कमी करायची, मग दुधाचं पाणी करत जायचं, असं ठरवायचो. ते बऱ्याच जणींना जमलं.

तपासणी साधी असते. बालवाडीच्या दाराजवळ उजेडात बाक ओढायचा, बाईंच्या मांडीवर मुलाचं डोकं, माझ्या कपाळावर बॅटरी, हातात आरसा आणि टोकाला बारीक मणी असलेला प्रोब. आधी कापसाने दात पुसायचे, नाहीतर बिस्किटाचा लगदाच खड्डा वाटतो. मी दात आणि अवस्था सांगत जायचे, सिनिअर लिहीत जायची. मदतनीस मावशी रांग धरायच्या. त्या मावशींशिवाय हा प्रबंध झालाच नसता. कोणाचं मूल कोणाच्या कडेवर गप्प बसतं हे त्यांना तोंडपाठ होतं.

खरी अडचण संमतीची. पालकसभेला मी फोटो दाखवायचे. पहिल्याच सभेत एका आईने फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि परत दिला.

"काळं दिसंल की ओ मॅडम."

"हो, काळं दिसेल. दात पडेपर्यंत."

"मग ह्याचा काय उपेग? आत्ता निदान पिवळं तरी दिसतंय."

तिच्या मुलीच्या पुढच्या दोन दातांना कीड होती आणि खालच्या दोन दाढांना. मी तिला कीड म्हणजे काय, थांबणं म्हणजे काय, हे सांगितलं. दुसरे उपाय सांगितले, म्हणजे ग्लास आयोनोमर सिमेंट भरणं, त्यासाठी कॉलेजला यावं लागेल, मूल बसलं पाहिजे. काहीच न करण्याचे परिणामही सांगितले. ती शांतपणे म्हणाली, "दाढंला लावा. फुडं नको. पोरीचं तोंड हाय."

माझ्या फॉर्मवर सही एकच होती. संपूर्ण मुलासाठी होय किंवा नाही. या आईने मात्र दातागणिक निर्णय घेतला होता आणि तो अगदी विचारपूर्वक घेतला होता. नंतर संदर्भ चाळताना दिसलं, की न्यूयॉर्कमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही हेच आढळलं होतं. मागच्या दातांवरचा काळा डाग सुमारे दोन तृतीयांश पालकांना चालत होता, पुढच्या दातांवरचा मात्र एक तृतीयांशापेक्षाही कमी जणांना. कोपरखैरण्याची ती आई आणि न्यूयॉर्कचे पालक एकाच जागी अडले होते. मी गाइड मॅडमशी बोलून समितीकडे दुरुस्तीचा अर्ज केला. संमतीपत्रावर दुधाच्या विसाही दातांची आकृती छापली, आणि कुठल्या दाताला लावायचं त्यावर पालकांनी खूण करायची अशी सोय केली. मंजुरी येईपर्यंत काम थांबलं. पण त्यानंतरच्या सभा बदलल्या. बायका आकृतीवर बोट ठेवून आपसात बोलायला लागल्या. 'हा दिसतो का हसताना?', 'ह्या दाढेचं कुठं काय दिसतंय', 'ह्याला विचारून सांगते.' सही करणारी बाई आता नेमकं कशावर सही करते आहे ते जाणत होती.

घरात विचारायचं म्हणजे नवऱ्याला, आणि त्याहून जास्त सासूला. बऱ्याच सासवांनी नको म्हटलं. एक आजी मात्र स्वतःच नातवाला घेऊन आल्या. पाटणकडच्या, नऊवारी नेसलेल्या. फोटो बघून म्हणाल्या, "ह्यात काय हाय भ्यायचं? माज्या आज्जीचं समदं दात काळंकुळकुळीत हुतं. दातवान लावायची ती."

हिरडा, मायफळ, हिराकस अशा वस्तूंचं दातवण लावून सवाशिणी दात काळे करत, हे मी फक्त ऐकलं होतं. जपानमध्येही बायका पूर्वी लोखंडाचं द्रावण वापरून दात काळे करायच्या. आजींचं बोलणं ऐकून सभेतल्या दोघी-तिघी हसल्या आणि वातावरण सैल झालं. मला तिथल्या तिथे मोह झाला, की आता प्रत्येक सभेत दातवणाचा दाखला द्यावा. मी तो दिला नाही. दातवण सगळ्या दातांना, बाईने स्वतःच्या हाताने, शोभा म्हणून लावलेलं असायचं. एसडीएफ फक्त किडलेल्या जागेला काळं करतं, आणि ते एका मुलाच्या तोंडात दुसऱ्याच्या निर्णयाने लागतं. आई तयार व्हावी म्हणून तिला एखादी लाडकी उपमा पुढे करणं मला पटत नाही. आजींनी आपणहून सांगितलं तर सांगू दे, ते त्यांचं बोलणं आहे.

याच आजींनी बोलता बोलता स्वतःची वरची कवळी काढून माझ्या हातात ठेवली. मधोमध चीर गेलेली आणि झटकन चिकटणाऱ्या गोंदाने जोडलेली. दोन्ही अर्धे किंचित खालीवर बसले होते, चिरेत अन्न साचून काळी रेघ पडली होती. रूममेटच्या मशिनवर जे होतं ते इथे वर्षानुवर्षं झालं होतं. दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं, कवळी सैल होते, टाळूच्या मधल्या टणक भागावर डुगडुगते आणि प्रत्येक घासाला थोडी वाकते. एकाच घासाने ती मोडत नाही, हजारो वेळा वाकून मोडते. मी आजींना कॉलेजला घेऊन गेले. रूममेटने कवळी पाहून सांगितलं, की गोंदामुळे तुकडे नेमके जुळत नाहीत, मोडली तेव्हाच दोन्ही तुकडे तसेच आणले असते तर प्लास्टरवर बसवून, कडा घासून, मधली फट ॲक्रिलिकने भरून देता आली असती. आणि तशीही ही कवळी जुनी झाली, हिरडीला बसत नाही, नवी करावी लागेल. आजींनी विचारलं, "नवी मोडायची न्हाई ना?" तिने प्रामाणिकपणे उत्तर दिलं, की दरवर्षी येऊन बसते का ते दाखवत गेलात तर लवकर मोडणार नाही. प्रयोगशाळेत ठोकळे मोडणारी ती मुलगी त्या दिवसापासून मला जास्त जवळची वाटायला लागली. आजींची नवी कवळी तिनेच केली.

आता एसडीएफ लावण्याबद्दल. त्या आजींच्या नातवाचंच सांगते. बाईंच्या मांडीवर निजवलं, ओठांना आणि कोपऱ्यांना व्हॅसलिन लावलं, कारण द्रावण त्वचेला लागलं तर तपकिरी डाग पडतो. आठवड्या-दोन आठवड्यांत तो जातो, पण आईला उगाच धक्का बसतो. हिरडीवर फोड किंवा पुळी नाही, तोंड आलेलं नाही, रात्री आपोआप ठणकत नाही, चांदीची ॲलर्जी नाही, हे आधी तपासलेलं होतं. गालात कापसाची सुरळी सरकवली, खड्डा पुसून कोरडा केला. प्लास्टिकच्या वाटीत एक थेंब घेतला, त्याला अमोनियाचा उग्र वास येतो. बारीक ब्रशने तो थेंब खड्ड्यात टेकवला आणि मावशींनी मोठ्याने साठपर्यंत आकडे म्हणायला सुरुवात केली. अख्खी बालवाडी त्यांच्या मागून म्हणत होती. चाळीसच्या पुढे आकडे माहीत नसलेली मुलंही ओरडत होती. साठ झाले, जास्तीचं टिपून घेतलं, झालं. मुलाने तोंड वाकडं केलं, चव धातूसारखी लागते, आणि उठून रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभा राहिला.

ज्यांच्या हिरडीवर पुळी होती किंवा कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेली होती त्यांना एसडीएफ लावता येत नाही. त्यांची यादी वेगळी करून ओपीडीची तारीख दिली. त्यातली काहीच आली. बाकीच्यांच्या घरी फोन केले. मार्केटचा हंगाम, घरात लग्न, बाळंतपण अशी कारणं होती आणि त्यातलं एकही मला खोटं वाटलं नाही. अशा मुलांसाठी डॉक्टरांनीच वस्तीत जायला हवं, असं माझं ठाम मत झालं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या यादीत एसडीएफबरोबर फ्लोराइडची टूथपेस्ट आणि ग्लास आयोनोमर सिमेंटही आहे. या तीनही गोष्टींना वीज लागत नाही, खुर्ची लागत नाही, बालवाडीच्या बाकावर त्या करता येतात.

टूथपेस्टचं बोलायचं तर आयांचा सगळ्यात मोठा गैरसमज तिथे होता. रंगीत चित्राची मुलांची पेस्ट आणली म्हणजे झालं. त्यातल्या काहींत फ्लोराइड अजिबात नसतं किंवा फार कमी असतं. मी पाकीट उलटं करून वाचायला शिकवलं. दहा लाखांत १,००० भाग, म्हणजे १,००० पीपीएम असेल तर उत्तम. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी, आणि ती आईने स्वतः ब्रशवर घ्यायची. काही घरांत मुलाच्या हिरड्यांवर मशेरी चोळली जाते हेही समजलं. ती तंबाखू आहे, हे मला एकेका आजीला बाजूला घेऊन सांगावं लागलं.

मग मे महिना आला. वस्त्या ओस पडल्या. जत्रा, लग्नं, गावाकडची घरं. जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा बरीच मुलं बालवाडीतून पहिलीत गेलेली, काहींची घरंच बदललेली. रूममेटचे ठोकळे इन्क्युबेटरमध्ये जिथे ठेवले तिथेच होते. मला मात्र सहा महिन्यांच्या तपासणीसाठी मुलं हुडकत फिरावं लागलं. मावशी, बालवाडीच्या बाई, एका किराणा दुकानाचा मालक, सगळ्यांनी पत्ते दिले. जी सापडली नाहीत त्यांची नोंद 'सापडली नाही' अशीच केली. गळालेल्यांचा आकडा प्रबंधात लपवायचा नसतो, तो सगळ्यांत आधी लिहायचा असतो.

सहा महिन्यांनी बघायचं ते इतकंच, की प्रोबचं टोक टेकवल्यावर खड्ड्याचा तळ मऊ लागतो की कडक. चालू कीड ओल्या चामड्यासारखी दबते. थांबलेली कीड कडक, चकचकीत, काळी असते आणि तिच्यावरून प्रोब घसरतो. हाताला तो घसरणं जाणवतं तेव्हा फार बरं वाटतं. जिथे अजून मऊ लागलं तिथे पुन्हा थेंब लावला, कारण एकदाच लावून ते पुरत नाही, दर सहा महिन्यांनी लावलं तर कीड थांबण्याची शक्यता वाढते.

काहींच्या तोंडात मागे नवी दाढ डोकावत होती. सहाव्या वर्षी, शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे, कुठलाही दात न पडता ही येते, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ती कायमची आहे. ती किडली तर बदली मिळत नाही. मी प्रत्येक आईला आरशात ती दाढ दाखवली. माझ्या प्रबंधाच्या उद्दिष्टांत हे नव्हतं, पण ती दाढ दिसत असताना न दाखवणं मला शक्यच नव्हतं.

फुडं नको म्हणणारी ती आईही आली होती. मुलीच्या दाढांची कीड थांबली होती, पुढचे दोन दात मात्र आणखी झिजले होते. तिने दोन्हीकडे नीट पाहिलं. मी काही सुचवलं नाही, तिने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली. मग तिने आकृती मागून घेतली आणि पुढच्या एका दातावर खूण केली, दुसऱ्यावर नाही. दुसरा हलायला लागला होता, तो आपोआप पडेल असा तिचा हिशोब होता. मी बोटाने हलवून पाहिला, हिशोब बरोबर होता.

आता नोंदी संख्याशास्त्रज्ञांकडे गेल्या आहेत. प्रबंध सादर झाला की विभागापुरतं माझं काम संपतं, पण डिसेंबरातली फेरी ठरलेली आहे. मुलांची यादी, मावशींचे नंबर आणि कोणाच्या कुठल्या दातावर कोणी खूण केली त्या आकृत्या माझ्या ज्युनिअरने घेतल्या आहेत. घणसोलीच्या दोन बालवाड्या तिने नव्याने जोडल्या आहेत, आणि त्यांच्या पालकसभांना मीही जाणार आहे.